वजन वाढेपर्यंत थांबायचे की नातीला पुढे न्यायचे?

वाचकांचे पत्र, थोडक्यात: मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचे सासर चंदगड तालुक्यात असून जावई माझ्या धाकट्या बहिणीचाच मुलगा आहे. नात जन्मली तेव्हा तीन किलोची, चांगली रडणारी, दूध ओढणारी होती. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी हातापायाला यंत्र लावून ऑक्सिजन कमी असल्याचे सांगितले आणि आम्हाला बेळगावला पाठवले. टूडी इकोमध्ये हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाल्याचे दिसले. सध्या ती काचेत आहे आणि एक औषध चोवीस तास सुरू आहे. शस्त्रक्रियेसाठी बेंगळूर किंवा पुण्याला लवकर न्या, असे डॉक्टर म्हणतात. बहिणीचे म्हणणे असे की, एवढ्याशा जिवाला शस्त्र कसे लावायचे, चार-सहा महिने जाऊ देत, वजन वाढू दे. तिच्या शेजारच्या मुलाच्या हृदयाला छिद्र होते, त्याचे असेच केले. त्यात मुलीचे रेशन कार्ड महाराष्ट्राचे आणि दवाखाना कर्नाटकातला. मुलीला अजून सगळे सांगितलेले नाही. ग्रहणात ती बाहेर पडली होती, असे घरात बोलले जाते. नात्यात लग्न लावले हे कारण असेल का, हा प्रश्न मात्र मला स्वतःला झोपू देत नाही. काय करावे?

आदरणीय गुरुजी,

सविनय नमस्कार. या सदरातील उत्तरे एरवी रविवारी प्रसिद्ध होतात. परंतु तुमचे पत्र तोपर्यंत ठेवण्यासारखे नाही, म्हणून हे उत्तर आजच देत आहे. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी सांगतो. नातीला थांबवू नका. बेळगावच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला बरोबर आहे आणि पुढचे दोन-तीन दिवस तुम्ही कसे वापरता, यावर बरेच काही अवलंबून आहे.

तुमच्या भगिनींचे म्हणणे मायेपोटी आलेले आहे आणि ते निराधारही नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, तेव्हा पुष्कळ वेळा डॉक्टर स्वतःच सांगतात की, औषध देऊ, बाळाचे वजन वाढू देऊ, मग पाहू. काही छिद्रे आपोआप बुजतात आणि काहींची शस्त्रक्रिया बाळ काही महिन्यांचे झाल्यावर करता येते. शेजारच्या मुलाच्या बाबतीत जे झाले ते त्याच्या आजाराला योग्यच होते. पण "हृदयाचा दोष" या एका नावाखाली अनेक निरनिराळे आजार येतात. जन्मलेल्या दर 1000 बाळांपैकी साधारण आठ ते नऊ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या बाळांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतात. तुमच्या नातीचा आजार त्या चौथ्या हिश्श्यातला आहे, आणि त्यातही ज्यांच्यासाठी दिवस मोजावे लागतात अशांपैकी आहे.

असे का, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण घरातल्या माणसांना ते तुम्हालाच समजावून सांगावे लागणार आहे. निरोगी हृदयाची उजवी बाजू शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते आणि डावी बाजू फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त महारोहिणीतून सर्व शरीराला पुरवते. तुमच्या नातीच्या हृदयात महारोहिणी उजव्या बाजूला आणि फुप्फुसाची धमनी डाव्या बाजूला जोडली गेली आहे. परिणामी मोटेने उपसलेले पाणी पाटाने शेतात जाण्याऐवजी पुन्हा त्याच विहिरीत पडावे, तसे फुप्फुसातले शुद्ध रक्त परत फुप्फुसातच जाते आणि शरीरातले अशुद्ध रक्त परत शरीरातच फिरत राहते. अशा बाळाचा जीव टिकतो तो केवळ दोन वाटांमुळे, ज्यांतून दोन्ही रक्तांची थोडीफार सरमिसळ होते. एक वाट म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधले गर्भावस्थेतले छोटे भोक, आणि दुसरी म्हणजे दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी, डॉक्टर जिला डक्टस म्हणतात ती नळी. ही नळी जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत आपोआप मिटू लागते. निरोगी बाळाच्या दृष्टीने ते मिटणे आवश्यकच असते, पण तुमच्या नातीसाठी ते घातक आहे. म्हणूनच जन्मतः गुटगुटीत दिसणारी, दूध ओढणारी ही बाळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निळी पडतात. आईच्या पोटात त्यांना स्वतःच्या फुप्फुसांची गरज नसते, त्यामुळे त्यांची वाढ उत्तम झालेली असते. बाळ दिसायला चांगले आहे, मग एवढा मोठा आजार कसा असेल, असे घरच्यांना वाटते ते यामुळेच.

वजन वाढण्याची वाट पाहता येत नाही, याचे आणखी एक कारण आहे. या आजारात हृदयाच्या डाव्या बाजूला फक्त फुप्फुसांकडे रक्त ढकलायचे असते आणि जन्मानंतर फुप्फुसांतला दाब उतरत जातो. काम हलके झाल्यामुळे डाव्या बाजूचा स्नायू काही आठवड्यांतच पातळ होतो. पुढे शस्त्रक्रिया करून त्याच बाजूवर संपूर्ण शरीराचा भार टाकायचा असतो, आणि पातळ झालेला स्नायू तो पेलू शकत नाही. म्हणून सोबत मोठे छिद्र नसेल, तर रक्तवाहिन्या अदलाबदल करून मूळ जागी जोडण्याची ही शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करणे सर्वांत हितकारक ठरते. चार-सहा महिन्यांनी वजन वाढले, तरी हृदय त्या शस्त्रक्रियेच्या योग्यतेचे राहत नाही. शस्त्रक्रिया उपलब्ध नसलेल्या काळातला अनुभव मी लपवून ठेवणार नाही: अशा बाळांपैकी सुमारे निम्मी पहिल्या महिन्यात आणि जवळपास 90 टक्के पहिल्या वर्षात दगावत असत. ही शस्त्रक्रिया 1975 मध्ये ब्राझीलमध्ये प्रथम यशस्वी झाली आणि आज चांगल्या केंद्रांत वेळेवर पोहोचलेली, शंभरातील नव्वदहून अधिक बाळे तीतून सुखरूप बाहेर पडतात. शाळेत जाणारी, खेळणारी मुले म्हणून ती वाढतात. हृदयरोगतज्ज्ञांकडे ठरावीक काळाने तपासणी मात्र आयुष्यभर ठेवावी लागते.

आता त्या चोवीस तास सुरू असलेल्या औषधाविषयी. ते बहुधा प्रोस्टाग्लँडिन असावे. डक्टस मिटू न देण्याचे काम ते करते. काचेच्या पेटीशेजारी एक लहान यंत्र असेल, त्यात आडवी बसवलेली सिरिंज डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या संथ गतीने पुढे सरकत असते. तुमच्या नातीचे सध्याचे आयुष्य त्या सिरिंजेवर उभे आहे. या औषधाचा परिणाम शरीरात काही मिनिटेच टिकतो, त्यामुळे ते क्षणभरही खंडित होऊन चालत नाही. त्याचे काही त्रासही आहेत: ताप येणे, अंग लाल होणे, रक्तदाब उतरणे आणि मध्येच श्वास थांबणे. म्हणूनच कधी कधी डॉक्टर अशा बाळाला श्वासाच्या यंत्रावर ठेवतात. तसे केले तर प्रकृती हाताबाहेर गेली असे लगेच समजू नका. प्रवासापूर्वी खबरदारी म्हणूनही ते केले जाते.

आणखी एका आकड्याने तुम्ही घाबरण्याची शक्यता आहे. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा 78 किंवा 80 दिसेल, आणि शेजारच्या बाळाचा 97 असेल. तुमच्या नातीच्या बाबतीत 75 ते 85 च्या दरम्यानचा आकडा साधारणपणे पुरेसा धरतात. ऑक्सिजन वाढवून तो आकडा 97 होणार नाही, कारण अडचण श्वासात नसून जोडणीत आहे. तेव्हा ऑक्सिजन वाढवा म्हणून सिस्टरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण आकडा 70 च्या खाली रेंगाळू लागला, बाळ थंड पडू लागले किंवा लघवी कमी झाली, तर वरच्या कप्प्यांमधले भोक फुग्याच्या साहाय्याने मोठे करण्याची प्रक्रिया, म्हणजेच बलून सेप्टोस्टॉमी, तातडीने लागू शकते. ती काही ठिकाणी काचेच्या पेटीजवळच, इकोच्या मार्गदर्शनाखाली करतात. नातीला हलवण्याआधी ती करण्याची गरज आहे का आणि ती येथे होऊ शकते का, हा प्रश्न डॉक्टरांना आजच विचारा.

कोठे न्यायचे, हे शहराच्या नावावरून ठरवू नका. मोठ्या माणसांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होणे आणि आठवड्याच्या बाळाची होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेथे नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेचे नियमित पथक आहे, शस्त्रक्रियेनंतर बाळांसाठी वेगळा अतिदक्षता विभाग आहे, आणि मुख्य म्हणजे येत्या एक-दोन दिवसांत खाट मिळणार आहे, तेथे जावे. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, हे विचारायला संकोच करू नका. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. बेळगावहून बेंगळूर सुमारे 500 किलोमीटर आणि पुणे सुमारे 340 किलोमीटर आहे. नीट सुसज्ज गाडीतून दोन्ही प्रवास होऊ शकतात. मात्र तिकडच्या डॉक्टरांशी इकडच्या डॉक्टरांचे प्रत्यक्ष बोलणे होऊन, इकोचा अहवाल पाठवून खाट पक्की झाल्याशिवाय बाळाला दवाखान्यातून हलवू नका. "जाऊन तर पाहू" म्हणून निघालेली बाळे मोठ्या दवाखान्याच्या दारात ताटकळली, की रस्त्यात जपलेले सगळे तेथे हातचे जाते.

ओळखीच्या माणसाची मोटार घेऊन, ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवून रात्री निघू, असा बेत घरात शिजत असेल तर तो सोडून द्या. गाडीत उबदार पेटी, बॅटरीवर चालणारा सिरिंज पंप, श्वासाचे यंत्र आणि नवजात बाळे हाताळण्याचा सराव असलेले डॉक्टर व परिचारिका असावे लागतात. बाळाच्या अंगात दोन सलाईनच्या सुया लावलेल्या असाव्यात, म्हणजे एक निघाली तरी औषध थांबत नाही. औषधाच्या जादा कुप्या बर्फाच्या पेटीत सोबत असाव्यात, कारण ते थंड ठेवावे लागते. हे सगळे आहे ना, एवढे निघण्यापूर्वी नम्रपणे विचारून घ्या. शस्त्रक्रियेसाठी रक्त लागते, म्हणून मागून निघणाऱ्या गाडीत रक्त देऊ शकतील अशी दोन-तीन निरोगी तरुण माणसे असू द्यात.

कार्डाची अडचण आपल्या सीमाभागातल्या माणसाला नवी नाही. लेक एका राज्यात, जावई दुसऱ्या राज्यात, आणि कागद मात्र एकाच राज्याचा. बाळाची पात्रता आई-वडिलांच्या कार्डावरून ठरते. तुमच्या कर्नाटकातल्या कार्डावर नातीचा उपचार होणार नाही, तेव्हा त्यासाठी खटपट करण्यात वेळ घालवू नका. मुलीचे रेशन कार्ड चंदगडचे असल्याने महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना तिला लागू होते, तिची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये आहे आणि ती योजनेत सामील असलेल्या दवाखान्यांत चालते. या हिशेबाने पुणे किंवा मुंबई तुम्हाला अधिक सोयीचे पडेल असे वाटते. जावयांच्या कुटुंबाकडे केंद्राचे आयुष्मान कार्ड असेल, तर ते परराज्यातल्या संलग्न दवाखान्यातही चालू शकते; मग बेंगळूरचा विचार करता येईल. दोन्ही ठिकाणच्या दवाखान्यांत योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांशी फोनवर बोलून आधी खात्री करा. तातडीच्या रुग्णाला प्रथम दाखल करून कागदपत्रे नंतर देण्याची सोय असते, हे लक्षात असू द्या. चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक कोठे भेटेल, याची चौकशी जावयांनी करावी. जन्मजात हृदयदोषाच्या मुलांना उपचारासाठी पाठवणे हे त्या पथकाच्या कामातच येते.

एक बारीक गोष्ट बहुतेकांना ऐनवेळी अडवते. पहिल्या बाळंतपणाला आलेल्या मुलीच्या आधार कार्डावर माहेरचे नाव असते आणि रेशन कार्डावर सासरचे. दवाखान्याच्या फाईलवर बाळाचे नाव "बेबी ऑफ" अमुक असे आईच्या नावाने लिहिलेले असते. तिन्ही ठिकाणची नावे जुळली नाहीत, की खिडकीवर खोळंबा होतो. त्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला, दोघांची आधार कार्डे, रेशन कार्ड आणि बाळाच्या जन्माची दवाखान्याने दिलेली नोंद एका पिशवीत घालून जावयांच्या हाती द्या. ज्या वाचकांच्या घरी दोन्हीकडचे लोक कर्नाटकातले आहेत, त्यांच्यासाठी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांच्या रहिवाशांसाठीही जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. पण कोणत्या योजनेचा शिक्का मिळतो याची वाट पाहत नवजात बाळाला अडकवून ठेवू नये.

आता तुम्हाला झोपू न देणाऱ्या प्रश्नाकडे येतो. ग्रहणाचा आणि या आजाराचा काहीही संबंध नाही. बाळाचे हृदय गर्भधारणेच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडते. पुष्कळदा तोवर दिवस गेल्याचे घरात नीटसे कळलेलेही नसते. त्यानंतर तुमची लेक अंगणात आली, जिना चढली, पपई खाल्ली, यांतल्या कशानेही रक्तवाहिन्यांची जोडणी बदलू शकत नाही. नात्यातल्या लग्नाबद्दल मात्र मी तुम्हाला अर्धेच उत्तर देऊन समाधान करणार नाही. आत्याच्या मुलाला मुलगी देण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे, आणि जवळच्या नात्यातल्या जोडप्यांच्या मुलांमध्ये जन्मजात दोषांचे प्रमाण, त्यात हृदयदोषही आले, इतरांपेक्षा काहीसे जास्त आढळते. पण अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच जन्मतात, आणि हाच दोष नात्यात लग्न न केलेल्यांच्या बाळांतही असतो. तुमच्या नातीच्या बाबतीत हेच कारण, असे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. बहुतेक बाळांमध्ये कारण सापडतच नाही. म्हणून हा भार तुम्ही स्वतःवर घेऊ नका आणि बहिणीवरही टाकू नका. या माहितीचा उपयोग पुढे आहे: मुलीला पुन्हा दिवस राहतील तेव्हा आरंभापासून स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगा आणि 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्या.

मुलीला सगळे सांगा, आणि आजच सांगा. बाळंतिणीला धक्का बसेल म्हणून लपवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण कुजबुज तिच्या कानावर पडतच असते, आणि अर्धवट ऐकलेले जास्त भयंकर वाटते. तिला काचेपाशी न्या, हात स्वच्छ धुऊन बाळाला स्पर्श करू द्या. तिने दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, दूध काढत राहिले पाहिजे. बाळाला तोंडाने किंवा नळीने दूध कधी आणि किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, कारण या आजारात आतड्यांना रक्त कमी पडण्याची शक्यता असते. पण शस्त्रक्रियेनंतर दूध लागेल तेव्हा ते आईला आलेले असले पाहिजे. काढलेले दूध झाकून साध्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये एक दिवस ठेवता येते. गुटी, मध, साखरपाणी यांपैकी काहीही बाळाच्या तोंडाला लावू नये, पाचवीच्या निमित्तानेही नाही. पूजा घरी करा. देवापुढे नातीचे नाव घेण्याला कोणाची हरकत असणार नाही.

त्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. बाळ गुलाबी दिसत असताना, जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून पाहणे, ही मोजक्या मिनिटांची तपासणी आहे. दोन्हीकडे 95 किंवा त्याहून जास्त आकडा आणि दोहोंत तीनपेक्षा जास्त फरक नसणे, हे ठीक असल्याचे लक्षण. ती त्यांनी केली नसती, तर तुम्ही तिसऱ्या दिवशी बाळाला घरी नेले असते. ज्या वाचकांच्या घरी लवकरच बाळ येणार आहे, त्यांनी घरी सोडण्यापूर्वी ही तपासणी झाली का, एवढे जरूर विचारावे.

राहिल्या तुमच्या भगिनी. निर्णयाचा अधिकार बाळाच्या आई-वडिलांचा आहे, पण सासूबाईंच्या मनाविरुद्ध तुमची लेक आणि जावई पाऊल टाकायला कचरतील, हेही खरे आहे. व्याही म्हणून न बोलता थोरले भाऊ म्हणून त्यांच्याशी बोला. त्यांचे चुकले असे म्हणू नका. शेजारच्या मुलाला वाट पाहणे लागू पडले, कारण त्याला छिद्र होते. आपल्या नातीच्या रक्तवाहिन्याच उलट जोडल्या गेल्या आहेत, आणि थांबलो तर तिच्या हृदयाचा स्नायू पातळ होऊन मग शस्त्रक्रियाच होणार नाही, एवढेच सांगा. शक्य असेल तर आज संध्याकाळी डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी त्यांना सोबत न्या आणि इकोवरचे चित्र त्यांना मराठीत समजावून सांगण्याची विनंती करा. डॉक्टरांना मराठी येत नसेल, तर विभागात मराठी बोलणाऱ्या सिस्टर असतातच.

खाट कोठे मिळाली ते कळवा. इकोचा अहवाल पाठवलात, तर मी तो वाचून तुमच्या शंकांना लगेच उत्तर देईन.